वाडीवर प्यालेलं तांब्याभर पाणी

लग्नकार्यात मला पाणी देताना लोक जरा थबकतात. "मॅडम, फिल्टरचं आहे हां," असं आधीच सांगून टाकतात. मी निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली, पण पेणमधल्या ओळखीच्या घरांमध्ये माझ्याबद्दलची ही धास्ती गेलेली नाही. एक विहीणबाई तर माझ्यापुढे पेला ठेवून, मी तो उजेडात धरून बघते की काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी सरळ पिऊन टाकलं. उजेडात धरून काही दिसत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राहायला पेणला आणि कामाला रोह्याला, अशी माझी सगळी नोकरी झाली. काम एकच, पाणी तपासायचं. विहिरीचं, नळाचं, शाळेतल्या माठाचं, गावच्या टाकीचं. कुठल्या प्रयोगशाळेत ते सांगत नाही, कारण पुढे एक चूक सांगायची आहे आणि ती माझी आहे, दारावरच्या पाटीची नाही.

पाणी तपासतात म्हणजे काय करतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, आम्ही थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवतो आणि त्यात किडे वळवळताना दिसतात. "किडे निघाले का हो?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला असेन. खरं काम त्याहून कंटाळवाणं आहे. एक काचेची बाटली ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफवून निर्जंतुक करायची. तोंडाला कागद बांधायचा. पाणी भरायच्या क्षणीच कागद सोडायचा, भरून लगेच बंद करायची आणि बर्फाच्या डब्यातून आणायची. एवढं साधं काम, पण त्यात किती गमती होतात. एका गावच्या सरपंचबाईंनी मी चहा पीत असताना माझ्या बाटल्या आत नेल्या, साबण लावून घासल्या, विहिरीवर नेऊन खळखळून विसळल्या आणि भरून आणून दिल्या. "पाहुण्यांची बाटली तशीच कशी भरायची?" म्हणाल्या. त्यांच्या मायेला मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाटल्या घेऊन पुन्हा गेले आणि या वेळी चहा नंतर घेतला.

प्रयोगशाळेत ते पाणी आम्ही परीक्षानळ्यांमध्ये घालायचो. नळ्यांत जांभळा द्रव असायचा, आम्ही त्याला रस्साच म्हणायचो. त्या रश्श्यात दुधातली साखर असते आणि पित्तातले क्षार असतात. जो पित्ताला न जुमानता ही साखर खाऊ शकतो, तो पोटात राहून आलेला असणार, असा हिशोब. अंगाच्या उबेएवढ्या उष्णतेत नळ्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, जांभळा रस्सा पिवळा झाला आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला की समजायचं, आतड्यातला जिवाणू पाण्यात आहे. त्यातला नेमका कोण, याची मग आणखी एक तपासणी. या मंडळींतला मुख्य म्हणजे ई. कोलाय. तो तुमच्याआमच्या पोटात असतोच आणि बहुतेक वेळा काहीही त्रास देत नाही. मग त्याला का शोधायचं? कारण तो विहिरीत सापडला, तर संडासातून विहिरीत यायला वाट आहे एवढं कळतं, आणि त्या वाटेने त्याच्याहून वाईट कोणीही येऊ शकतं.

हे सगळं मला शिकवलं कर्णिक सरांनी. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि एकच नियम. "दिसलं ते लिहा. मनातलं लिहू नका." मी तरुण होते, मनातलं फार होतं, त्यामुळे हा नियम मला रोज ऐकावा लागायचा.

आता थोडं शास्त्र सांगते. करोनानंतर विषाणू हा शब्द सगळ्यांना पाठ झाला, पण जिवाणू आणि विषाणू हे लोक अजूनही सख्खे भाऊ समजतात. जिवाणू म्हणजे एका खोलीचं घर. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, पण स्वतःपुरतं पूर्ण. त्याला भिंत आहे, स्वयंपाकघर आहे आणि वंशाची पोथी आहे. आपल्या पेशीत ही पोथी आतल्या वेगळ्या खोलीत ठेवलेली असते, जिवाणूच्या घरात ती उघड्यावरच पसरलेली असते. खायला आणि ऊब मिळाली की हे घर वाढतं, मधोमध भिंत घालून दोन घरं होतात. ई. कोलायची जेवणाची नीट सोय झाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री चांगलं असलेलं दूध सकाळपर्यंत कसं नासतं, याचं उत्तर यातच आहे. दही लावणारेही जिवाणूच, त्यामुळे सरसकट सगळ्यांना शिव्या देऊ नयेत.

दिसायला अगदी जिवाणूंसारखीच, पण मुळात वेगळ्याच घराण्याची मंडळी म्हणजे आर्किया. यांची ओळख मला पुस्तकाआधी झाली होती. आमचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. उन्हाळ्यात कोंड्यांमधलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमधलं पाणी आटत आलं की त्याला लालसर रंग चढायचा. "पानी लाल झालाय, आता मीठ धरंल," असं बाबा म्हणायचे आणि फावडी काढायचे. तो रंग मिठात राहणाऱ्या आर्कियांचा, हे मला कॉलेजात कळलं, तेव्हा वर्गात बसल्या बसल्या मला बाबांचे मिठाने चिरलेले पाय आठवले. आर्कियांच्या भिंतीचा माल वेगळा, आवरणातली चरबी वेगळी, आणि पोथी वाचायची रीत तर जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींना जवळची. बराच काळ शास्त्रज्ञही त्यांना जिवाणूच समजत होते, तर आपलं काय घेऊन बसलात. काही उकळत्या झऱ्यांत राहतात, काही मिठात, काही गाईच्या पोटात आणि गोबरगॅसच्या टाकीत बसून आपल्याला जळता वायू देतात. माणसाला आजार देणारा एकही आर्किया अजून ठामपणे सापडलेला नाही. इतकी सज्जन जमात माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

यांच्यावरून माझी आत्या रोह्याला येऊन भांडली होती. यमुनाआत्या खारवलेली मासळी विकायची. एकदा तिचा सगळा माल वरून गुलाबी पडला. तिने दोन मासे फडक्यात गुंडाळले आणि तडक माझ्या टेबलावर आणून ठेवले. सगळी प्रयोगशाळा वासाने भरली.

"मिठवाल्यानं मिठात रंग घातलाय," ती म्हणाली. "तू मना लिवून दे गो, मी त्याला बघते."

मी गुलाबी थर खरवडला, शुद्ध पाण्याच्या थेंबात कालवला आणि मायक्रोस्कोपखाली बघितला. काही नाही. रिकामा थेंब. आत्या खूश झाली, रंगच आहे म्हणाली. मीही तसंच लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात कर्णिक सर मागून आले. "कशात कालवलंत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले. "त्यांच्या गावचं पाणी द्या त्यांना." मी दाट मिठाच्या पाण्यात कालवून पुन्हा बघितलं, तर थेंब भरून गेलेला. साध्या पाण्यात हे मिठातले जीव फुटून जातात. ते नव्हते असं नव्हतं. मीच त्यांना बघण्याआधी मारून टाकलं होतं.

"आत्या, हा रंग नाही. जिवंत आहेत हे."

"मिठात कोन जितं र्‍हातंय?"

"बाबा ज्यांना बघून मीठ काढायचे, तेच हे. मिठातून मासळीवर आलेत. यानं विष नाही होत, पण मासळी सडते. टाकून दे, आणि पुढच्या वेळी चांगली सुकव आणि थंड जागी ठेव."

आत्या बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. मग मासे परत फडक्यात बांधताना म्हणाली, "दादाला सांगाया पायजे व्हता ह्या." बाबा तेव्हा हयात नव्हते. त्या दिवसाचा धडा मी वहीत लिहून ठेवला होता, की आपल्या पद्धतीने दिसलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही. वही अजून आहे. धडा मात्र मी नेमक्या वेळी विसरले.

राहिला विषाणू. त्याला घरच नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या पुडीत बांधलेली पाककृतीची चिठ्ठी. त्याला भूक नाही, श्वास नाही, वाढ नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं आणि त्या घरच्यांना राबवून स्वतःच्याच चिठ्ठ्या आणि पुड्या बनवून घ्यायच्या, एवढं एकच काम तो करतो. म्हणून जिवाणूंवरची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. ती औषधं जिवाणूची भिंत पाडतात, त्याचं स्वयंपाकघर बंद पाडतात, आणि विषाणूकडे यातलं काहीच नसतं. आणि म्हणूनच आमच्या जांभळ्या रश्श्यात विषाणू कितीही दिवस ठेवला तरी वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. पाण्यात विषाणू असला तरी आमच्या नळ्या जांभळ्याच राहतात. आम्हाला हे माहीत होतं. पण आमच्या अहवालात शेवटी दोनच रकाने होते, पिण्यास योग्य आणि पिण्यास अयोग्य.

आता वाडीची गोष्ट.

कर्णिक सर निवृत्त झाले होते आणि अहवालावर सही माझी असायची. मला तेव्हा स्वतःबद्दल बरीच खात्री होती, ती अजूनही आहे म्हणा, पण तेव्हाची जरा जास्तच होती. खांब गावाच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक आदिवासी वाडी आहे. भातशेतीवर, वीटभट्टीवर मजुरीला जाणारी घरं. वाडीला एक विहीर, आणि डोंगरात वर एक झरा. विहिरीच्या वरच्या अंगाला नवीन संडास झाले आणि त्यांचे खड्डे खणले गेले. त्यानंतर काही दिवसांनी वाडीतल्या बायकांनी विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं आणि त्या झऱ्यावरून पाणी आणू लागल्या. विहीर बंद पाडणारी बाई म्हणजे सोमी वाघमारे. वाडीतली जाणती बाई, बाळंतपणात आधी हिला बोलावणार आणि मग दवाखान्याला. बायका ऐकत नाहीत म्हणून गावातून आम्हाला निरोप आला, पाणी तपासा आणि काय ते लेखी द्या.

मी गेले तेव्हा विहिरीवर पांडू हजर होता. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम त्याच्याकडे. विहिरीचा वास लांबूनच येत होता.

"सकाळीच पावडर टाकलीय, म्याडम," तो अभिमानाने म्हणाला. "तुमी येनार म्हनून."

मी क्लोरीन बघायची चाचणी केली, पाणी गडद पिवळं झालं. भरपूर क्लोरीन. मला बरंच वाटलं. सोमी विहिरीच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत होती.

"पावडर आज टाकली," ती म्हणाली. "रोज नाय टाकीत. खड्डं खनल्यापास्नं पानी बदललाय. तुझ्या बाटलीला कलतंय का ता?"

वाडीवरच्या बोलीत साहेबालाही तूच असतं, त्याचा मला राग नव्हता. पण बाटलीला कळतं का, हा प्रश्न मला झोंबला. "बाटलीला सगळं कळतं," मी म्हणाले आणि नमुना घेतला. अगदी नियमाने घेतला. कागद शेवटच्या क्षणी सोडला, क्लोरीन मारायचं रसायन बाटलीत आधीच घातलेलं होतं, बर्फ होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त "तुमी येनार म्हनून" या तीन शब्दांचा अर्थ मला कळत असूनही मी तो पुढे नेला नाही. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवून ठेवलेल्या घरात मी गेले आणि हे घर रोज असंच असतं, असं लिहून दिलं.

सगळ्या नळ्या जांभळ्या राहिल्या. राहणारच होत्या. ई. कोलाय पावडरीने लवकर मरतो. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू त्याच्यापेक्षा चिवट असतात, आणि असले तरी माझ्या रश्श्यात ते दिसणार नव्हतेच. मी पिण्यास योग्य या रकान्यात खूण केली आणि सही केली.

अहवाल पोस्टाने गेला असता तरी चाललं असतं. पण मला कोलाडकडे नमुने घ्यायला जायचंच होतं, म्हणून मी स्वतः वाडीवर गेले. खरं कारण वेगळं होतं. मला सोमीला दाखवायचं होतं. बायका जमल्या. सोमीची मुलगी हिरा बाळंतपणाला आईकडे आली होती, सातवा महिना. ती डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावरून उतरत होती, पाऊल जपून टाकत.

"या पोरीला असल्या दिवसांत डोंगर चढायला लावता?" मी सोमीला म्हणाले. "पाणी चांगलं आहे. हा बघ कागद."

"कागद मना वाचाया येत नाय."

"मग हे बघ," मी म्हणाले. पांडूने पोहरा काढला. मी कोणाचा तरी तांब्या घेतला, विहिरीच्या पाण्याने भरला आणि सगळ्यांसमोर तोंड न लावता वरून घटाघट पिऊन टाकला. पदराने तोंड पुसलं. आमच्या खात्यात हा जुना रिवाज होता, लोकांचा विश्वास बसावा म्हणून तपासणाऱ्याने स्वतः पिऊन दाखवायचं. बायका हसल्या. हिरा सगळ्यात आधी हसली, हंडा उतरवला आणि म्हणाली, "आता चढाया नको, उतराया नको." सोमीने हिराचा हंडा उचलून घरात नेला. त्या दिवसापासून वाडी पुन्हा विहिरीवर आली.

काविळीचा हा विषाणू पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. काही आठवडे तो गप्प असतो, आपल्या यकृताच्या पेशींना राबवत असतो. मी तोवर वाडी विसरूनही गेले होते. एक दिवस दुपारी तिकडच्या आरोग्यसेविकेचा फोन आला, वाडीवर लोकांचे डोळे पिवळे दिसताहेत. मी तशीच उठले. कोणाला न कळवता गेले, पावडर नसलेलं पाणी घेतलं. नळ्या एकूण एक पिवळ्या झाल्या. वाट उघडी होती. ती खड्डे खणल्यापासून उघडीच होती, आणि ते मला एका न शिकलेल्या बाईने विहिरीच्या कठड्याला टेकून सांगितलं होतं.

बाकीचे हळूहळू बरे झाले. पण या काविळीचं गरोदर बाईशी वैर असतं. शेवटच्या महिन्यांत ती जिवावर उठते. हिराला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, बरेच दिवस ती शुद्धीवर नव्हती. हिरा वाचली. मूल गेलं.

मला काहीही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना लागण होऊनही लक्षण दिसत नाही, किंवा त्या तांब्यात नेमकं काही नसेलही. माझ्या नशिबाचं मला तेव्हा जराही कौतुक वाटलं नाही. त्या बायका कागद बघून विहिरीवर आल्या नव्हत्या, कागद कोणाला वाचताच येत नव्हता. मी प्याले म्हणून त्या आल्या.

महिन्याभराने धीर करून वाडीवर गेले. सोमी भात कांडत होती. तिने मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू पन पियालीस ना ता पानी?"

"हो."

"तुला काय झाला?"

"काही नाही."

"बरा," ती म्हणाली आणि पुन्हा कांडायला लागली. ती ओरडली असती तर मी परत येताना इतकी रडले नसते.

मी रडून थांबणाऱ्यातली नाही. अयोग्य म्हणून दिलेला दुसरा अहवाल घेऊन मी इतक्या दारांवर उभी राहिले की शेवटी लोक मला बघून दार लावून घ्यायला लागले. खड्डे हलवले गेले, विहीर उपसली गेली, झऱ्याचं पाणी पाइपने वाडीत खाली आलं. माझ्या कामाची पद्धतही मी बदलली. कळवून जायचं नाही. आधी बाटली काढायची नाही, आधी पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं की अलीकडे काय बदललं. विहिरीच्या वरच्या अंगाला चालत जाऊन बघायचं. हे सगळं आमच्या पुस्तकात पहिल्यापासून लिहिलेलं होतं, मी काही नवीन शोध लावला नाही. आणि पिऊन दाखवायचा रिवाज मी माझ्यापुरता बंद केला. नवीन मुलींना बजावून ठेवलं, तुमच्या पोटावरून कोणाला पाणी पाजू नका.

दोनेक वर्षांनी एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात सोमी उभी. खांबहून टमटमने आली होती. पिशवीतून तिने सरबताची प्लास्टिकची बाटली काढली, झऱ्याच्या पाण्याने भरलेली.

"हिरा पुन्ना दिवसांतली हाय," ती म्हणाली. "ह्या तपास."

मी तिला खुर्ची दिली. ही बाटली चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच दिवशी तिच्याबरोबर वाडीवर जाऊन नळाचा नमुना घेऊन आले. नळ्या जांभळ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. मी कागद पुढे केला.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "पण उकळूनच दे हिराला. खळखळ उकळी येऊ दे."

"चांगला हाय तर उकळाया कशाला?"

मग मी तिला ते सगळं सांगितलं, जे पहिल्या दिवशी विहिरीवर सांगायला हवं होतं. की माझ्या नळ्यांना घरवाले जीव दिसतात, चिठ्ठीवाला दिसत नाही. काविळीवाला चिठ्ठीवाला होता. तो मला तेव्हाही दिसला नसता आणि आजही दिसत नाही. म्हणून उकळायचं. सोमीने नीट ऐकून घेतलं. मग कागदावर बोट ठेवलं.

"तू बघितलास ता हितं लिवलास. नाय बघितलास ता कुटं लिवलास?"

मी कागद उलटून बघितला, मागची बाजू कोरी होती.

"ता पन लिव ना."

कर्णिक सरांचा नियम मी इतकी वर्षं पाळला होता, दिसलं ते लिहा. त्या नियमाला दुसरी बाजू असते, हे मला अंगठा उठवणाऱ्या बाईने शिकवलं. मी पेन घेतलं आणि अहवालाच्या खाली हाताने लिहिलं, 'ही तपासणी जिवाणूंची आहे. या पद्धतीत विषाणू दिसत नाहीत. नमुना एका दिवसाचा आहे. पाणी उकळून प्यावे.' तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, कागदाची घडी केली आणि चोळीत ठेवली. हिराला मुलगी झाली, धडधाकट.

पुढे मी त्या मजकुराचा रबरी शिक्का करून घेतला आणि प्रत्येक अहवालावर मारायला लागले. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो बघितला.

"हा कुठल्या परिपत्रकाने मारता?"

"परिपत्रक नाही, सर. वाघमारेबाईंनी सांगितलं."

"कोणत्या विभागात आहेत त्या?"

"खांबच्या पुढे असतात," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. शिक्का अजून चालू आहे, माझ्या जागी आलेली मुलगी सांगते.

निवृत्त झाल्यावर मी वाडीवर एकदा गेले, हातात बाटली नसताना पहिल्यांदाच. पेणहून येताना हिराच्या मुलीसाठी पोह्याचे पापड नेले होते. सोमी आता थकली आहे, पण आवाज तोच. तिने मला अंगणात बसवलं, आतून तांब्या आणला आणि माझ्यापुढे धरला. पाण्याला चुलीच्या धुराचा वास होता. नातही तहानलेली होती, माझ्या हातातल्या तांब्याकडे बघत होती. मी वरून पाणी प्यायला लागले, तशी तिने पेला पुढे केला.

सोमीने तिचा हात धरला.

"आयक गो. म्याडम पियाली म्हनून आपुन नाय प्यायचा," ती नातीला म्हणाली. "आपुन उकळला म्हनून प्यायचा."

पोरीने मान हलवली. मी उरलेलं पाणी तिच्या पेल्यात ओतलं.